खाऱ्या पाण्यावर चालणारी गाडी

माझी नणंद म्हणायची, गाडी बघून दुरुस्त होते. मी म्हणायची, वाचून होते. आमचं हे चाललेलं असताना गाडी मूर्तिजापूरच्या अलीकडे कडुनिंबाच्या अर्ध्यामुर्ध्या सावलीत, बॉनेटखालून वाफ सोडत उभी होती.

"पाहा आता, काय लिहून हाये तुमच्या पुस्तकात," नणंद म्हणाली.

पुस्तक, म्हणजे गाडीसोबत आलेली माहितीपुस्तिका, माझ्या मांडीवरच होती. तिच्यात लिहिलं होतं की इंजिन प्रमाणाबाहेर तापल्यास वाहन सुरक्षित जागी उभं करावं आणि अधिकृत सेवा केंद्राशी संपर्क साधावा. मी ते मोठ्यानं वाचलं. समोर दोन बकऱ्या होत्या आणि पलीकडे कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्यांचा ढीग. अधिकृत असं त्यातलं काहीच दिसत नव्हतं.

"आता तुझ्या फोनला विचार," मी म्हटलं.

तिनं फोन आकाशाकडे धरला, डावीकडे धरला, उजवीकडे धरला. रेंज नव्हती. मग आम्ही दोघी बकऱ्यांकडे बघत बसलो. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं गाडी ओढत मूर्तिजापूरला नेली आणि तिथून टेम्पोवर चढवून ती अकोल्याला घरी आली. आम्ही पोचायच्या आधी बातमी पुण्याला पोचली होती, कारण रेंज आल्या आल्या नणंदेनं वाफेचा व्हिडिओ घरच्या ग्रुपवर टाकला होता.

मुलाचा फोन आला. "आई, पुरे आता. गाडी काढून टाकू. अकोल्यातच माझ्या ओळखीचा एक जण आहे, तो घेऊन जाईल. मी पुढच्या रविवारी येतो, सही करून मोकळी हो."

"आणि अमरावतीला कशी जाऊ?"

"बसनं जा ना. हजारो लोक जातात."

अमरावती माझं माहेर. तिथे माझी थोरली बहीण राहते. तिचे दोन्ही गुडघे गेलेत. बसची पायरी तिच्या कमरेएवढी उंच. दर दुसऱ्या शनिवारी मी अकोल्याहून गाडी घेऊन जाते, नणंद मागे बसते, बहिणीला पुढच्या सीटवर बसवायचं आणि संध्याकाळच्या प्रार्थनेला मोझरीला, नागपूर रस्त्यावरच्या आश्रमात न्यायचं. पंधरा दिवसांत ती घराबाहेर पडते ती तेवढीच. तो वाफेचा शनिवार तिचाच होता. ती तयार होऊन ओट्यावर बसली होती, तिच्याकडे फोन नाही, आणि आम्ही आलोच नाही.

शिवाय दुसरी गोष्ट होती, ती मी मुलाला सांगितली नाही. माझं वय एकाहत्तर. या वयाच्या बाईच्या हातून एकदा स्टिअरिंग गेलं की पुन्हा कोणी देत नाही. जुनी गाडी गेली की नवी कशाला हवी, रिक्षा आहे, शेजारी आहेत, तू बस ना आरामात. मला आराम नको होता.

"एक कर," मी मुलाला म्हटलं. "रविवारी ये. दुपारी दोनच्या उन्हात तुला शेजारी बसवून अमरावतीला नेते. तापमानाचा काटा मधल्या रेषेच्या वर गेला तर जिथे जाईल तिथेच सही करते. नाही गेला तर गाडी राहील."

"दोन मेकॅनिक झाले, आई. एकानं पंखा बदलला, दुसऱ्यानं ती थर्मोस्टॅटची झडप बदलली. तरी उकळली. आता कोण दुरुस्त करणार?"

"आम्ही."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि तुझी आत्या."

तो इतका वेळ हसला की मी फोन टेबलावर ठेवला, गॅस बारीक करून आले, तरी हसतच होता.

आता मला माझ्याबद्दल थोडं खरं बोललं पाहिजे. मी पुस्तकावर विश्वास ठेवणारी बाई. तीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं. पंचावन्नाव्या वर्षी गाडी शिकायला गेले तेव्हा ड्रायव्हिंग स्कूलच्या मास्तरांना म्हटलं, आधी पुस्तक द्या. ते म्हणाले, बाई, पुस्तक नसतं, क्लच असतो. मला तो माणूस अशिक्षित वाटला. मी क्लच, ब्रेक, रेस असं एका कार्डावर लिहून समोर चिकटवलं आणि वळणावर ते वाचताना एका सायकलवाल्याला नाल्यात उतरवलं. तो उतरला तो बरा उतरला, वर येऊन मला म्हणाला, मावशी, रस्ता वाचा.

गाडी घरी आली तेव्हा मी तिच्या पुस्तिकेला तपकिरी कव्हर घातलं, वर लेबल लावलं, इयत्तेची जागा तेवढी कोरी सोडली. मग ती पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत लाल पेनानं अधोरेखित करत वाचली. काचेवर साचलेला बर्फ कसा काढावा हा परिच्छेद तर मी दोनदा अधोरेखित केला आहे. अकोल्यात. माझ्या वर्गात अशी एखादी पोर असती तर मी तिला पहिल्या बाकावर बसवलं असतं. आता वाटतं, दुपारी उन्हात उभं केलं असतं तर जास्त शिकली असती.

नणंदेचं उलट. ती माझ्याहून बारा वर्षांनी लहान. नवरा गेल्यापासून माझ्याकडेच असते. तिनं आयुष्यात पाककृतीसुद्धा वाचली नाही, सगळं बघून केलं. आता तिला फोन सापडला. त्यात एक मेकॅनिक आहे, हिंदी बोलणारा, मागे सगळं हिरवंगार. तिचा तो दादा झाला. "दादानं काल सांगतलं" असं ती म्हणाली की मला आधी वाटायचं कोणी पाहुणा येऊन गेला.

पहिले तीन दिवस आम्ही दोन पक्षांत काढले. नातीनं पुण्याहून आमच्या गाडीचं मोठं दुरुस्तीचं पुस्तक शोधून पाठवलं, खरं मेकॅनिक वापरतात ते. मी त्याची झेरॉक्स काढून स्पायरल बांधून आणली. चारशेवर पानं. ती हातात घेतल्यावरच मला निम्मी गाडी दुरुस्त झाल्यासारखं वाटलं. नणंदेनं तेवढ्या वेळात गाडी तापण्याचे पंधरा व्हिडिओ बघितले आणि प्रत्येकात वेगळं कारण निघालं.

"एक म्हन्ते पंप गेला, एक म्हन्ते गॅस्केट. एक तर म्हन्ते तुमची सवय खराब हाये," ती म्हणाली.

माझ्या पुस्तकात मात्र क्रमानं होतं. आधी हे तपासा, मग ते. पंखा, झडप, पट्टा हे सगळं चांगलं निघालं की शेवटची ओळ होती, रेडिएटर आतून धुऊन काढा. म्हणजे गाडीचं गरम पाणी ज्या जाळीत थंड होतं ती जाळी. दादाच्या सोळाव्या व्हिडिओतही तेच निघालं. ठरलं, बुधवारी सकाळी गाडी थंड असताना धुवायचं.

पाणी सोडायचं तर खाली एक झाकण शोधायला हवं. नणंद गोणपाट टाकून गाडीखाली गेली, एका हातात पान्हा, दुसऱ्या हातात दादा. अर्धा तास ती उजवीकडे शोधत होती.

"दादाच्या गाडीचं उजवीकडं हाये, वैनी. आपल्या गाडीले देलंच नाई वाट्टे."

मी खुर्चीत बसून पान उलटलं. चित्रात डावीकडे खाली बाण होता. मी काठीनं दाखवलं. झाकण तिथेच निघालं आणि जुनं पाणी खाली ठेवलेल्या घमेल्यात उतरलं. मी काही बोलले नाही, पण ते न बोलणं तिला चांगलंच ऐकू गेलं.

मग पुस्तक म्हणालं, "खालचा होज काढावा." इतकंच. होज म्हणजे रबराचा जाड पाइप. दहा ते बारा आम्ही तो ओढत होतो. मी ओढला, तिनं ओढला, दोघींनी मिळून ओढला. चौथा शब्द सुटला असेल म्हणून मी ते तीन शब्द पुन्हा वाचले.

"जरा हे पाहा," नणंदेनं फोन माझ्या नाकासमोर धरला. "थो ओढून राहिला का? नाई ना. क्लिप पकडीनं मागं सरकोते अन् पाइप पिळते. बांगडी काढतो तसं. ओढलं त कधीच नाई निंगत."

तिनं पिळला. फट् असा आवाज झाला आणि आत उरलेलं सगळं पाणी तिच्या साडीवर आलं. आता ती काही बोलली नाही. मलाही चांगलंच ऐकू आलं.

पुढची पायरी धुण्याची. दादा म्हणाला, साफ पानी की पाइप लगाकर चला दीजिए. पुस्तक म्हणालं, स्वच्छ पाण्यानं धुवावं. दोघांचं पहिल्यांदा एकमत झालं, म्हणून आम्हाला वाटलं हेच खरं. आणि इथे आम्ही ती चूक केली जी फक्त आमच्याच भागातली माणसं करू शकतात.

आमच्याकडे नळ पाच-सहा दिवसांनी येतो. ते धरणाचं गोडं पाणी. पिंपात भरून स्वयंपाकघरात ठेवायचं. ते प्यायला, डाळीला आणि पाहुण्याच्या चहाला. बाकी सगळ्याला बोअर. भांडी, कपडे, झाडं, अंगण, कूलर. हे कोणी कोणाला सांगत नाही, पोरं चालायला लागतात तशी हेही शिकतात. गोडं पाणी गाडीत ओतणं म्हणजे अंगणात दूध शिंपडण्यासारखं. तेव्हा गाडी धुवायची म्हटल्यावर आमचे हात न विचारता बोअरच्या पाइपकडे गेले. एक तास आम्ही ते पाणी रेडिएटरमधून सोडलं. दुसऱ्या बाजूनं काचेसारखं स्वच्छ येत होतं. बोअरचं पाणी दिसायला नेहमीच काचेसारखं असतं. मग त्याच पाण्यानं गाडी काठोकाठ भरली.

"झाली," नणंद म्हणाली.

"पुस्तकाप्रमाणे झाली," मी म्हटलं.

"दादाप्रमानं झाली."

गुरुवारी दुपारी बोरगावपर्यंत चाचणीला निघालो. जाताना काटा शांत होता. मी मुलाला काय बोलायचं त्याची वाक्यं जुळवत होते, त्यातली दोन तर फार सुंदर होती. परत फिरलो आणि काटा उठला. मधल्या रेषेवर आला, तिथे क्षणभर थांबला आणि वर गेला. मी गाडी बाजूला घेतली. घरापर्यंतच्या रस्त्यात आम्ही चार वेळा थांबलो, दर वेळी बॉनेट उघडून पदरानं वारा घातला, जसं काही गाडीला घेरी आली होती.

"तुमचं पुस्तक जुनं हाये," तिसऱ्या थांब्याला नणंद म्हणाली.

"तुझा दादा खोटं बोलतो."

"दादा खोटं नाई बोलत. तुमाले समजत नाई."

"तीस वर्षं विज्ञान शिकवलंय मी."

"मंग पोराईची काय हालत झाली असन, बापा."

त्या रात्री जेवताना आमच्यात फक्त मीठ मागितलं गेलं. मी मुलाला कळवून टाकायचं ठरवलं, फोन हातात घेतला, त्याचं नाव काढलं आणि तशीच बसून राहिले. हरले असं बोटाला दाबता येईना. फोन उशाशी ठेवून झोपले.

शुक्रवारी सकाळी नणंदेनं कूलर ओढून बाहेर काढला. उन्हाळा कधीचा लागला होता, पण गाडीच्या नादात कूलर मागच्या वर्षी ठेवला तसाच पडून होता. त्याच्या तळाशी दर वर्षी पांढरा थर धरतो, तो ती खुरप्यानं खरवडते. खर्र, खर्र. मी ओट्याखाली ठेवलेलं घमेलं घासायला घेतलं. बुधवारी रेडिएटरचं जुनं पाणी आम्ही त्यात धरलं होतं, उन्हानं ते आटून गेलं होतं आणि तळाला पांढरं साचलं होतं. मी उलथण्यानं खरवडायला लागले. खर्र, खर्र.

नणंदेचं खुरपं थांबलं. ती माझ्या घमेल्याकडे बघत होती. मग आपल्या कूलरकडे बघितलं.

"वैनी," ती म्हणाली, "तुमची पयली डाय आठोते काय?"

मला आठवली. ती डाळ मी मेल्यावरही मला आठवेल.

लग्न होऊन मी अमरावतीहून पूर्णेकाठच्या सासरी आले होते. माहेरून पाककृतींची वही आणली होती, सुवाच्य अक्षरात, प्रमाणांसकट. पहिल्याच आठवड्यात पाहुणे आले आणि मी कौतुकानं म्हटलं, वरण मी करते. तुरीची डाळ चुलीवर चढवली. तास झाला, दोन झाले. डाळ खडीसारखी. वहीत लिहिलं होतं, डाळ मऊ शिजवून घ्यावी. मी जाळ वाढवला. आणखी पाणी घातलं. मग वहीच्या कडेला पेन्सिलनं टीप लिहिली: डाळ जुनी असावी. पाहुणे बाहेर पानावर बसलेले. तेव्हा दारात दोन वेण्या घातलेली सहावीतली एक पोरगी येऊन उभी राहिली. हीच.

"वैनी, हे खारं पानी हाये," ती म्हणाली. "डायीले गोडं लागते. खाऱ्यात नाई शिजत."

आणि बी.एस्सी. झालेली नवी नवरी तिला काय म्हणाली? म्हणाली, तू लहान आहेस, मधे बोलू नको. पुस्तकात असं काही नाही.

पाहुण्यांनी त्या दिवशी ताक-भात खाल्ला. पुढे मी शाळेत लागले आणि दर वर्षी आठवीला दुष्फेन पाण्याचा धडा शिकवला. ज्यात क्षार असतात, ज्याला साबणाचा फेस येत नाही, ते दुष्फेन. फळ्यावर किटलीची आकृती काढायची. आतून पांढरा थर दाखवायचा. थरामुळे उष्णता नीट जात नाही, कारखान्यातला बॉयलर फुटू शकतो. हा प्रश्न मी हमखास परीक्षेत विचारायची. आणि घरी मात्र गाडीतलं पाणी कमी झालं की बोअरचा एक मग त्यात ओतायची. सोळा वर्षं. रेडिएटर म्हणजे बॉयलरच की, हे मला सुचलं नाही, कारण धड्यात रेडिएटर नव्हता.

मी घमेलं खाली ठेवलं. "आपण बुधवारी तासभर त्याला पुन्हा तेच पाजलं," मी म्हटलं.

"पोट भरून पाजलं," नणंद म्हणाली. मग आम्ही दोघी हसायला लागलो आणि हसता हसता मला ओट्यावर बसावं लागलं. सहा दिवसांत पुस्तक आणि दादा दोघांनी आम्हाला पुष्कळ शिकवलं होतं. पण त्या दोघांनाही अकोल्याचं पाणी ठाऊक नव्हतं. ते आम्हालाच ठाऊक होतं आणि आम्ही विसरलो होतो.

कूलरचा थर न खरवडता काढायचा तर नणंद लिंबूसत्त्व वापरते, सरबतात घालतो ते आंबट खडे. गाडीत ते चालेल का? मोठ्या पुस्तकात लिंबाचं नाव नव्हतं. दादाकडे होतं, पण एका व्हिडिओत मूठभर, दुसऱ्यात दोन पुड्या, तिसऱ्यात अंदाजानं. पुस्तकात मात्र एक आकडा होता जो दादानं कधीच सांगितला नाही: आपल्या गाडीत एकूण किती लिटर पाणी मावतं, दशांश चिन्हासकट. तो आकडा मिळाल्यावर माझ्यातली विज्ञानाची बाई जागी झाली. स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला, पातळ द्रावणाचं प्रमाण बसवलं, वहीत मांडलं. नणंद माझ्याकडे पाहून म्हणाली, "आता तुमी मास्तरीण दिसून राहिल्या."

शनिवारी सकाळी शुद्ध पाण्याचे चार कॅन मागवले. पहिला कॅन उघडल्यावर तिनं सवयीनं एक तांब्या बाजूला काढून झाकून ठेवला.

"तो कशाला?"

"डायीले," ती म्हणाली. "गाडीच पेनार काय सगळं?"

द्रावण भरलं, इंजिन चालू ठेवलं, वरचा पाइप गरम होईपर्यंत थांबलो. मग बंद करून गार होऊ दिलं, कारण गरम गाडीचं झाकण उघडायचं नाही हे पुस्तकानं ठळक अक्षरांत आणि दादानं हात जोडून सांगितलं होतं. खालचं झाकण सोडलं. पहिल्यांदा ताकासारखं पाणी आलं. त्यात पापडाच्या चुऱ्यासारखे पांढरे तुकडे. दुसऱ्यांदा भरलं तेव्हा दुधाळ चहासारखं. तिसऱ्यांदा तुकडे नव्हते. मग साध्या शुद्ध पाण्यानं धुतलं आणि मी शाळेच्या ट्रंकेतून लिटमस कागदाची बाटली काढली. निळा कागद लाल झाला म्हणजे आंबट अजून आत आहे. पुन्हा धुतलं. लालसर. पुन्हा धुतलं. निळा निळाच राहिला. नणंदेनं तो कागद मागून घेतला आणि चष्मा लावून बघत राहिली. "हे आमाले कावून नाई शिकवलं?" ती म्हणाली. मी म्हटलं, तू सातवीत शाळा सोडलीस, धडा आठवीत होता.

शेवटी हिरवं कूलंट भरायचं आणि आत अडकलेली हवा काढायची. पुस्तक म्हणालं, हीटर पूर्ण गरमवर ठेवावा.

"हीटर?" नणंद म्हणाली. "एप्रिलमधी?"

दादाही हीटर लावत होता, पण त्याच्या अंगात स्वेटर होतं. आमच्या गाडीचा हीटरचा खटका सोळा वर्षांत कोणी फिरवला नव्हता. तो पकडीनं फिरवावा लागला. मग दुपारी चारच्या उन्हात चारी दारं उघडी टाकून मी आत बसले, रेस धरली आणि आतून माझ्या तोंडावर भट्टीचा वारा यायला लागला. नणंद झाकणावर लक्ष ठेवून बाहेर उभी.

"बुडबुडे हायेत अजून. बसा."

"किती?"

"मोजू काय? बसा."

मी बसले. घाम डोळ्यांत जात होता. एकाहत्तर वर्षांच्या आयुष्यात इतकं सुख मला थोड्याच वेळा झालं असेल. शेवटचा बुडबुडा फुटला, पंखा आपोआप गरगरला, थांबला, पुन्हा गरगरला. नणंदेनं झाकण लावलं आणि टिचकी वाजवली.

रविवारी मुलगा आला. त्यानं बॉनेट उघडून बघितलं, तेलाचे आणि हळदीचे डाग पडलेलं जाडं पुस्तक चाळलं, माझ्या नखांकडे बघितलं. बरोबर दोनला आम्ही निघालो. बाहेर चव्वेचाळीस डिग्री. तो माझ्या शेजारी आणि नणंद मागे. त्यानं बसल्या बसल्या एसी पूर्ण लावला. इंजिनावर भार यावा म्हणून लावला हे मला कळलं, आणि मला कळलं हे त्यालाही कळलं.

बोरगाव गेलं. काटा मधल्या रेषेच्या खाली, एक केस इतका खाली. मुलगा रस्त्याकडे बघतच नव्हता, रेल्वेचा गार्ड सिग्नलकडे बघतो तसा काट्याकडे बघत होता. मूर्तिजापूरच्या अलीकडे हरभऱ्याची पोती भरलेला एक ट्रक आडवा झाला होता. रांग थांबली. पाच मिनिटं, दहा मिनिटं. एसी चालू, हवा नाही, पुढच्या गाड्यांचा धूर. काटा हलला. रेषेला टेकला. आता माझ्याकडे करण्यासारखं काहीच उरलं नव्हतं. जे करायचं ते घरी करून आलो होतो.

रेडिएटरचा पंखा घुर्र करून सुरू झाला. काटा रेषेवर थांबला. मग उतरला. आम्ही आणखी दहा मिनिटं त्या रांगेत उभे होतो आणि तो पुन्हा वर आला नाही. पुढच्या दोन मोठ्या नव्या गाड्यांनी बॉनेट उघडली होती. मी त्यांच्या बाजूनं गाडी काढली तेव्हा जरा हळूच काढली.

बडनेऱ्याच्या जवळ मुलाचा फोन वाजला. गाडी घेणारा माणूस होता. मुलानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "नाही भाऊ. विकायची नाही." पलीकडून काही विचारलं गेलं. "नाही, खराब नाही," तो म्हणाला. "चांगली आहे, म्हणूनच." फोन ठेवून तो पहिल्यांदा खिडकीबाहेर बघायला लागला.

"आई, मी चालवू का थोडी?"

"नको," मी म्हटलं.

बहीण ओट्यावर काठी घेऊन बसलेली होती. गाडी थांबायच्या आधी तिचं सुरू झालं.

"गेल्या शनवारी कावून नाई आली? मी बसून राहिली इथं दिवे लागेपर्यंत."

"गाडी उकळली होती, ताई."

"मंग आता?"

"दुरुस्त केली."

"कोनं?"

"आमी केली," मागून नणंद म्हणाली.

बहिणीनं आम्हा दोघींकडे बघितलं, मग माझ्या मुलाकडे, जो अजून पुढच्या सीटवर बसला होता. "बरं झालं," ती म्हणाली. "मंग ह्याले म्हना, उतर. जागा माही हाये."

तो उतरला. मावशीला दंडाला धरून बसवलं, काठी आत ठेवली आणि मागे नणंदेशेजारी गुडघे पोटाशी घेऊन बसला. बहिणीनं पट्टा लावून घेतला, साडीच्या निऱ्या नीट केल्या आणि विचारलं की प्रार्थना सुरू व्हायच्या आत पोचू ना. मी म्हटलं, पोचू. नागपूर रस्त्याला लागल्यावर मी गाडी पाचव्या गिअरमध्ये टाकली.